राहिलेली पूजा

त्या सकाळी मी नि बायको पूजेला बसलो होतो. आम्हा लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजतात, त्याआधी अन्न नाही. मागावर माझा जन्म गेला, बोटं थरथरतात, म्हणून पूजा झाली की दोन्ही लिंगं फडक्यात गुंडाळून बायकोच बांधायची. तिचं तिच्या गळ्यात, माझं माझ्या. "हलू नका की, गाठ सुटतीय," म्हणाली. दुपारी भाकरी थापता थापता ती गेली. आमच्या रीतीनं मठाच्या स्वामींनी तिच्या गळ्यातलं लिंग तिच्या हातात दिलं आणि तिला मातीत बसवलं. मी तिकडं बघितलंच नाही.

मग माझी पूजा सुटली. मरेपर्यंत खाडा करायचा नाही, असं दोघांनी ठरवलेलं. पण बसावंसंच वाटेना. फडकं गळ्यात तसंच, जेवण मात्र वेळेवर. लाज वाटायची, तरी हात उठत नव्हता.

एकदा लेकीकडं वळसंगला निघालो. एसटीच्या थांब्यावर अक्कलकोटकडची एक म्हातारी शेजारी बसलेली, कपाळाला विभूती. तिनं भाकरी नि शेंगाचटणी सोडली, अर्धी माझ्यापुढं केली आणि मधेच थांबली. "पूजा आतेन्री?" झाली का पूजा, असं कानडीत विचारलं. खोटं बोलवेना.

"न्हाय."

"मग करा की. भाकरी कुटं पळतीय?"

"मन लागत न्हाय, अव्वा."

"मन लागल्यावरच जेवता व्हय?"

नळावर हात धुतले, फडकं सोडलं. लिंग बारीक निघालं. ते बायकोचं होतं, माहेरहून आणलेलं. म्हणजे माझं तिच्या हातात, मातीत. तिनं चुकून बदललं की जाणून, मला अजून उमगत नाही. डोकंच चालेना. म्हातारीनं पाण्याची बाटली पुढं केली. पाणी घातलं, विभूती लावली, मग तिची भाकरी खाल्ली. तिची गाडी आली, ती गेली. नाव विचारायचं राहिलं.

त्या म्हातारीला देवानं धाडलं म्हणू, की बोलकी बाई म्हणू? मला तेवढी अक्कल नाही. हात मात्र जोडतो. नवं लिंग घ्यावं का, हे स्वामींना विचारायचं धाडस अजून होत नाही. मन माझ्या ताब्यात नाही, ते देवावर सोडलं. बसणं तेवढं माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं न्याहारी आणली. "ठेव, पूजा व्हायचीय," म्हणालो. भिंतीकडं तोंड करून बसलो, बायकोचं लिंग तळहातावर घेतलं. मन लागलं नाही. पाणी घातलं.