अंमल कुणाचा

मांडवीचा भागोजी नागवेकर बोटीवर खलाशी होता. तोंडाचा फटकळ, पण मनाचा साफ. आमचा शेजारी, म्हणून मी त्याला काका म्हणतो. पंच्याऐंशीच्या मे महिन्यात त्याची बोट बैरुतला लागली. तिथे यादवी पेटलेली. काका साबण-सिगारेटी आणायला गावात उतरला आणि तोफा सुरू झाल्या. गोदीतल्या युसुफ नावाच्या पॅलेस्टिनी हमालाने त्याला आपल्या घरात लपवलं, त्याच्या बायकोने पोटभर जेवू घातलं. गोळीबार जरा थांबल्यावर युसुफच त्याला बोटीवर पोचवायला निघाला.

वाटेत नाका होता. शियांची ‘अमल’ नावाची सशस्त्र संघटना त्या दिवसांत पॅलेस्टिनींच्या छावण्यांना वेढा घालून बसली होती आणि नाक्यांवर त्यांचे पुरुष वेचून नेत होती. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. काकाला नव्हतं.

युसुफ भिंतीआड थांबला. परदेशी खलाशाला कुणी हात लावणार नाही, म्हणून काकाला पुढे धाडलं. आखातात शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, “देखके आ. अमल है क्या?”

काकाला वाटलं, तिथे कुणाचा अंमल आहे की नुसती बेबंदशाही, असं हा विचारतोय. तो गेला. मिसरूड फुटलेली पोरं बंदुका घेऊन उभी होती. एकाने म्हाताऱ्याच्या कानाखाली वाजवली. ना पोलीस, ना कुणी साहेब. ह्याला अंमल म्हणायचं, तर लुटारूंना काय म्हणायचं?

परत येऊन त्याने खरं तेच सांगितलं, “बंदूकवाला छोकरा लोग है. अंमल-बिंमल कुछ नहीं.”

दुसऱ्याच कुठल्या गटाचा नाका आहे असं समजून युसुफने सुस्कारा सोडला आणि पुढे झाला.

पोरांनी त्याला दोन वाक्यं बोलायला लावली. बोलीवरूनच ओळखलं आणि दंड धरले. काका मध्ये पडला, तेव्हा बंदूक त्याच्या छातीला टेकली. युसुफ ओरडला, “हिंदी! हिंदी!” म्हणजे हा हिंदुस्थानी, आणि बंदराकडे हात करून काहीतरी विनवू लागला. पोरांनी काकाला सोडलं. युसुफला जीपमध्ये कोंबलं.

‘अमल’ म्हणजे कोण, ते काकाला बोटीवर परतल्यावर सारंगाने, खलाशांच्या मुकादमाने, सांगितलं.

घरी आल्यावर गोदूबाईकाकी त्याची समजूत घालायची. “त्यांचा शबुद तुमाला कसा ठावं असनार? तुमची चूक नाय.”

“चूक कोनाची का असंना,” काका म्हणायचा. “युसुफच्या बायकोनं मला जेवू घातलान, आनि मी तिचा घोव नेऊन दिला.”