मामाचा कागद

भाचीच्या लग्नाची पत्रिका बहिणीने टेबलावर ठेवली, माझ्या हातात दिली नाही. मी तिचा सख्खा भाऊ. मोरिवलीचा, आगरी घरातला, सहा वर्षं नसेतून नशा करून चार वर्षांपूर्वी सुटलेला. उल्हासनगरच्या ज्या सेंटरमध्ये रोज जिभेखाली नशा सोडवायची गोळी ठेवून सुटलो, तिथेच आता कामाला आहे. रुळांच्या कडेने, बंद कारखान्यांच्या मागे जायचं, टोचणाऱ्यांना नवी सिरिंज द्यायची आणि वापरलेली डब्यात परत घ्यायची. म्हणजे एकाची सुई दुसऱ्याला लागत नाही आणि एचआयव्ही पुढे जात नाही. एवढं साधं काम, पण येणारेजाणारे शिव्या घालतात. फुकट सुया वाटून पोरं बिघडवता म्हणतात. पोरं बिघडत होती तेव्हा तुम्ही कुठे होता, हे मी विचारत नाही. विचारायला गेलो तर हात उठेल माझा.

"मामा तूच," बहीण म्हणाली. "पन दादूस, राग नको मानू. यांचा म्हन्ना हाय, पयलं तपासनीचा कागद दाखव."

मामा आणेल तेव्हा नवरी मांडवात येते आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तो तिच्या मागे उभा असतो. ही पोर माझं बोट धरून चालायला शिकली. पुढे नशेच्या दिवसांत तिच्याच कानातले मी विकले, हेही खरं. तिने ते आईला कधी सांगितलं नाही. मला तिच्या मागे उभं राहायचं होतं. त्या घराकडून बाकी काही नको होतं, जेवणसुद्धा नको होतं.

कागद चांगला होता, एचआयव्ही निगेटिव्ह. अडचण ती नव्हती. सेंटरमध्ये आम्हा गोळीवाल्यांचा एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, चहा पिताना ठरलेला आहे. रिपोर्ट कुणालाही दाखवायचा नाही, आणि चांगला असेल तर मुळीच दाखवायचा नाही. दाखवण्यासारखा आहे त्याने दाखवला, की न दाखवणाऱ्याकडे लोक लगेच बोट करतात. नियम काढला माझ्या जोडीदाराने. आम्ही एकत्र टोचायला लागलो, एकत्र सुटलो, आता कामावरही एकत्र फिरतो. त्याला एचआयव्ही आहे. औषधं वेळेवर घेतो, तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे. तो तेव्हा मोरिवलीतच थोरल्या भावाकडे राहायचा आणि त्या घरात कुणाला याचा पत्ता नव्हता.

हळदीच्या दिवशी कात्रपला बहिणीच्या घरी गेलो. मांडवाच्या तोंडाशीच भावोजींनी हात पुढे केला. आजूबाजूला अर्धं मोरिवली जमलं होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यात आमच्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. मी खिशातून कागद काढून दिला. द्यायचा नव्हता तर खिशात कशाला नेला होता, हे मी स्वतःला नंतर खूप वेळा विचारलं. घरातून निघतानाच मी नियम मोडला होता.

भावोजींनी तो दोन बोटांत धरून सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. मग म्हणाले, "दोन महिन्यांपूर्वीचा आहे हा. तुमच्यासारख्या लोकांचं मधे काय झालं, कोण सांगणार? उगाच रिस्क नको." आणि तिथेच माझ्या चुलतभावाला सांगितलं, उद्या तू उभा राहा. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. बहीण हळदीचं ताट घेऊन शेजारीच उभी होती, तिने तोंडातून शब्द काढला नाही. तिचा राग मला भावोजींपेक्षा जास्त आला आणि अजून येतो.

तरी लग्नाला मी गेलो. शेवटच्या रांगेत उभा राहिलो. भटजींनी मामाला हाक मारली आणि चुलतभाऊ नवीन फेटा सावरत भाचीला घेऊन आला. तिने एकदा मान वळवून मागे कोण उभं आहे ते पाहिलं आणि परत समोर बघितलं. मूठभर अक्षता मी एकदाच फेकल्या. कुणाच्या अंगावर पडल्या ते पाहिलंही नाही.

त्या हळदीला माझ्या जोडीदाराचा थोरला भाऊ आला होता. ते मांडवात माझ्या लक्षातही आलं नाही, इतका मी माझ्याच अपमानात होतो. घरी जाऊन तो एवढंच म्हणाला, "त्याने दाखवला, आता तू पण दाखव." जोडीदार गप्प राहिला. तेवढंच पुरलं. वहिनीने त्याचं ताट वेगळं काढलं, चौथ्या दिवशी भावाने बॅग दाराबाहेर ठेवली. आता तो वांगणीला एका खोलीत राहतो.

नंतर कामावर भेटलो. त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या, कानफटात मारली असती, तर बरं झालं असतं. तो खाली बसून चिमट्याने गवतातल्या सुया उचलत होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने हातानेच थांबवलं.

"ते सोड. उभा राहिलास ना रे मागं?"

"हो," मी म्हणालो. "शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत."