काकूंच्या नावावरच्या चारशे बारा चुका

ऑफिसात त्यांना सगळे काकू म्हणायचे. काकू तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या होत्या आणि आमच्या खोलीत दुसरं कोणी तिशीच्या पुढचं नव्हतं, एवढ्याच कारणावरून. त्यांना ते आवडायचं नाही. "मला सख्खे पुतणे चार आहेत, तेवढे पुरेत," असं म्हणायच्या, पण हाक मारली की ओ द्यायच्या.

प्रोग्रॅमिंगमध्ये त्या उशिरा आल्या. त्याआधी चौदा वर्षं एका कचेरीत टायपिस्ट होत्या. तिथली एक गोष्ट त्या सांगायच्या. प्रत्येक पत्राच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, टाइप करणाऱ्याची दोन अक्षरं असायची. "सही साहेबांची, शाबासकी साहेबांची. चूक झाली की मात्र भिंग लावून कोपऱ्यात बघायचे." टाइपरायटर गेले, त्यांच्याबरोबर टायपिस्टही गेल्या. काकूंनी घरी बसायचं नाकारलं, चौतिसाव्या वर्षी संध्याकाळचा क्लास लावला आणि विशीतल्या पोरांच्या मागच्या बाकावर बसून शिकल्या.

आमची कंपनी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी प्रोग्रॅम बनवते. मशीन आकडा देतं, प्रोग्रॅम तो योग्य पेशंटला जोडतो आणि रिपोर्ट छापतो. मशीनकडून आकडा घेणारा तुकडा काकूंनी लिहिला होता. प्रोग्रॅमच्या अशा तुकड्याला आम्ही क्लास म्हणतो, आणि काकूंच्या क्लासचं नाव होतं मशीनरीडर. तो इतका स्वच्छ होता की नवीन माणसाला पहिल्या दिवशी एकच सांगितलं जायचं, "काकूंची फाइल उघड, कॉपी कर आणि आतलं बदल." मलाही तेच सांगितलं गेलं, आणि सांगणाऱ्या काकूच होत्या. खुर्ची ओढून दोन तास माझ्याशेजारी बसल्या होत्या. आमच्या घरात माझ्याआधी कोणी खुर्चीवर बसून नोकरी केलेली नव्हती. मला त्या दोन तासांचं फार अप्रूप वाटलं होतं.

आता काकूंच्या नावावर चुका कशा चढल्या ते सांगते. प्रोग्रॅम चालताना काय काय घडलं ते एका लॉगमध्ये लिहिलं जातं, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ती कोणत्या क्लासनं लिहिली त्याचं नाव येतं. ते नाव लॉगला आपणहून कळत नव्हतं. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर एक ओळ हातानं लिहावी लागे, की इथून पुढे जे बोलेल ते अमक्याच्या नावावर मांडा. काकूंची फाइल कॉपी करणाऱ्यांनी आतलं सगळं बदललं, डोक्यावरची ओळ बदलायला विसरले. विसरल्यानं काही अडत नव्हतं, प्रोग्रॅम मजेत चालायचा. त्यामुळे अकरा फायली मशीनरीडर या नावानं बोलत होत्या, आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

मग एका प्रयोगशाळेत दोन पेशंटचे आकडे एकमेकांना गेले. एक धडधाकट माणूस तीन दिवस हॉस्पिटलात सलाइन लावून पडला, आणि ज्याला खरंच झोपवायला हवं होतं तो घरी गेला. सुदैवानं दोघं वाचले. प्रयोगशाळेनं लेखी खुलासा मागितला, चूक कोणाची ते नावासकट.

आमच्या व्यवस्थापकांना आम्ही पाठीमागे तक्ता म्हणायचो. माणूस रडत आला तरी ते त्याचा तक्ता करतील अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी लॉग उघडला. गडबडीच्या क्षणाची ओळ होती, "नमुन्याचा क्रमांक मिळाला नाही, मागचाच वापरला." पुढे नाव, मशीनरीडर. तेवढ्यावर न थांबता त्यांनी सहा महिन्यांच्या सगळ्या चुका मोजल्या आणि गोल तक्ता करून भिंतीवर दाखवला. सहाशेपैकी चारशे बारा काकूंच्या. लाल रंगात.

"ही ओळ माझ्याच फाइलीची कशावरून?" काकू म्हणाल्या.

"म्हणजे लॉग खोटं बोलतो?"

"लॉगला आपण जे नाव पढवलं तेच तो बोलतो. ते वाक्य मी शोधलं. माझ्याशिवाय आणखी अकरा फायलींत आहे आणि अकराही जणी माझ्या नावानं बोलतायत."

"मग अकरांतलं कोण ते सांगा. शुक्रवारी पत्र जाईल, त्यात एक नाव लागेल." आणि जाता जाता म्हणाले, "या चुकीनंतर त्या नावाला इथे काम देणं मला अवघड आहे."

तो सोमवार होता. दुपारी डबा खाताना मी म्हटलं, "काकू, अकरा फायलींतली ओळ हातानं बदलून टाकू. तासाभराचं काम आहे."

"आणि पुढच्या महिन्यात तुझ्यासारखी एखादी येईल, पुन्हा कॉपी करेल. रोग बरा करायचा की कपाळाला हात लावून ताप बघत बसायचं? नाव हातानं लिहायलाच नको. कोण बोलतंय ते लॉगनंच शोधावं, बोलत असताना."

त्यांनी ते पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवलं. चालत्या प्रोग्रॅममध्ये एक काम दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला. कोणी कोणाला बोलावलं त्याची चळत रचली जाते, जेवणाच्या ताटांसारखी. सगळ्यात वर शेवटी बोलावलेला, म्हणजे लॉग स्वतः. त्याच्या खाली कुठेतरी त्याला बोलावणारा असतो. काकूंनी आधी लिहिलं, वरची तीन ताटं सोड आणि चौथं वाच. मंगळवारी ते आठ फायलींत बरोबर चाललं आणि तीन फायलींत तोंडावर पडलं. त्या तिघी लॉगला थेट न बोलावता त्याच्याच एका मदतनिसाकरवी बोलावत होत्या, त्यामुळे एक ताट जास्त होत होतं.

"मोजून चालायचं नाही," बुधवारी त्या म्हणाल्या. "ओळखून चालायचं. लॉगच्या घरातलं ताट असेल तर सोड, खाली जा. पहिलं परक्या घरचं ताट दिसलं की थांब, नाव घे."

त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. चष्मा कपाळावर ढकलून कोणाला तरी फोनवर सांगत होत्या, "अहो, जमलं! नाही, स्वयंपाकाचं नाही. तुम्ही वरणभात लावा आज."

गुरुवारी दुपारी गडबडीच्या दिवसाचे जपून ठेवलेले आकडे आम्ही पुन्हा प्रोग्रॅममधून सोडले. मी शेजारीच उभी होते. ओळ आली. "नमुन्याचा क्रमांक मिळाला नाही, मागचाच वापरला." पुढे नाव, सॅम्पलमॅचर.

तो क्लास माझा होता. नमुना पेशंटला जोडणारा, काकूंच्या शेजारी बसून लिहिलेला, पहिल्याच आठवड्यातला.

काकूंनी माझी फाइल उघडून ती ओळ शोधली. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "मशीनच्या फाइलीत मागचा क्रमांक चालतो, कारण तिथे एकच नमुना असतो. तुझ्या फाइलीत नमुन्यांची रांग असते, तिथे चालत नाही. हे तुला मी सांगायला हवं होतं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "उद्या तूच सांग. मी सांगितलं तर ती चुगली होईल."

मी हो म्हटलं. हे नीट सांगायला हवं, की मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात माझी नोकरी कायम होण्याचं पत्र यायचं होतं. बाबांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधीच सांगून टाकलं होतं.

शुक्रवारी अकरा वाजता तक्ता, काकू आणि मी खोलीत बसलो. काकूंनी सगळं चालवून दाखवलं. तक्त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग काकूंकडे.

"हे शोधणारं कोणी लिहिलं?"

"मी."

"कधी?"

"याच आठवड्यात."

"म्हणजे आरोप झाल्यावर. यात काही नावं वगळली जातात का?"

"हो, लॉगची स्वतःची. ती वगळावीच लागतात, नाहीतर प्रत्येक वेळी लॉगच..."

"म्हणजे वगळली जातात." त्यांनी वहीत लिहिलं. "काकू, राग मानू नका. जिच्यावर ठपका आहे तिनंच यंत्र बनवलं आणि त्या यंत्रानं सगळ्यात नवीन पोरीचं नाव सांगितलं. मी प्रयोगशाळेला हे सांगितलं तर ते हसतील." मग माझ्याकडे वळून, "तुझं काय म्हणणं आहे? तुझी चूक आहे का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना खात्री होती.

मी म्हणाले, "तपासावं लागेल, सर."

तीन शब्द. तेव्हा काकूंनी वळून पाहिलं. रागानं नाही. एखादी ओळ चुकीच्या नावानं आली की ज्या नजरेनं त्या पडद्याकडे बघायच्या, तसं. मग कागद गोळा केले, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि उठल्या.

पत्र दुपारी गेलं, त्यात नाव काकूंचंच. काकूंना काढलं नाही, तक्रारींच्या फोनवर बसवलं. दिवसभर लोक ओरडायचे आणि शेवटी विचारायचे, "तुमचं नाव काय?" त्या नाव सांगायच्या, पूर्ण, आडनावासकट. चार महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी मी दाराशी उभी होते. "येते," म्हणाल्या, जसं कोणालाही म्हणतात.

त्यांचं शोधणारं मात्र त्याच महिन्यात सगळीकडे बसवलं गेलं. पुढल्या मीटिंगमध्ये तक्त्यांनी त्याचाही तक्ता दाखवला, हिरव्या रंगात. त्यात मशीनरीडरच्या चुका नऊ होत्या. चारशे बाराचं काय झालं, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही. माझी चूक मी एका शनिवारी गुपचूप दुरुस्त केली होती.

दोन वर्षांनी एका दुसऱ्या कंपनीतून फोन आला. तोवर मी गटप्रमुख झाले होते, तक्ता व्यवस्थापक नोकरी बदलून गेले होते. एका बाईंनी आमच्याकडे अर्ज केलाय, पूर्वी तुमच्याकडे होत्या, त्यांच्याबद्दल विचारायचंय, असं पलीकडचा माणूस म्हणाला. काकूंचंच नाव.

"अशी प्रोग्रॅमर तुम्हाला मिळणार नाही," मी म्हणाले. "मी त्यांच्याच हाताखाली शिकले."

"हो, पण त्यांच्या नावावर एक मोठी चूक आहे असं कळलं. त्या प्रयोगशाळेशी आमचाही व्यवहार आहे."

मी डोळे मिटले. "ती चूक त्यांची नव्हती. माझी होती."

"तसं लेखी काही आहे?"

लेखी एकच कागद होता, तो प्रयोगशाळेला गेलेल्या पत्राचा. "लेखी नाही. पण मी सांगतेय ना."

"तुम्ही त्यांच्याच हाताखाली शिकलात ना, मॅडम?" त्याचा आवाज अगदी सौम्य होता. "मग तुम्ही त्यांची बाजू घेणारच. शिकवणाऱ्याबद्दल असं वाटलंच पाहिजे. चांगलं आहे ते." आणि आभार मानून त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी मी काकूंना फोन केला, दोन वर्षांत पहिल्यांदा. काय झालं ते सांगितलं. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"त्यांचं नकाराचं पत्र दुपारीच आलं," त्या म्हणाल्या.

"काकू, मी त्यांना लेखी देते. उद्याच. सगळं."

"दे की. कोणाला पाठवशील?"

त्यांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"ते शोधणारं अजून चालतं का गं?"

"चालतं. सगळीकडे."

"मदतनिसाकरवी बोलावलं तरी नाव बरोबर येतं?"

"बरोबर येतं."

"हं," काकू म्हणाल्या. "ठेवते मग. यांची जेवायची वेळ झाली."