देटविलरचा अंगठा

"थिओफिल देटविलरला डोळे नसते तरी चाललं असतं," असं गल्लीतले लोक म्हणत. "त्याचा अंगठाच पाहतो." घड्याळांच्या कव्हरांना पॉलिश करण्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती. भिंगातून न दिसणारा ओरखडा तो अंगठा फिरवून सांगे, आणि अंगठा फिरवल्याखेरीज एकही नग पुढे सोडत नसे.

मग दरीतला घड्याळांचा कारखाना बंद पडला. शेजारच्या इमारतीत हाडांत बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू तयार होत. तिथे चोपन्नाव्या वर्षी त्याला तपासनिसाची जागा मिळाली. काम काचेच्या बंद खोलीत. अंगभर पांढरा झगा, हातांत रबरी मोजे, आणि एकामागे एक दोन दारं. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नसे. बाहेर उतारावर चेरी फुलली तरी आत वास स्पिरिटचाच. ज्याने जन्मभर धातूचा आरसा केला, त्याच्यापुढे आता वाळूच्या माऱ्याने आणि आम्लाने मुद्दाम खरबरीत केलेले करडे स्क्रू येत.

"न पुसलेल्या चुलीसारखं दिसतंय हे," तो डॉ. रेगुला नेगेलिनला म्हणाला. नव्या स्क्रूचा पृष्ठभाग तिने दोन वर्षं खपून घडवला होता.

"तुम्हाला नाही, पेशींना आवडायला हवं," ती हसली. "हाड यायच्या आधी तिथे रक्तातल्या पहारेकरी पेशी पोचतात. त्या स्क्रू चाचपतात. खाचा मनाजोगत्या असल्या तर शांत होतात, हाड बांधणाऱ्यांना बोलावतात. नाहीतर भांडत बसतात, परक्याभोवती पापुद्र्याची भिंत घालतात. मग स्क्रू हलतच राहतो."

पेशीही चाचपतात, हे मात्र त्याला पटलं.

शरदात मेंढ्यांवर चाचणी झाली. जुन्या पद्धतीचे वीस स्क्रू हाडात घट्ट रुतले. नवे वीस जवळजवळ सगळे सैल निघाले. मेंढ्या लंगडू लागल्या. सोमवारच्या बैठकीत नवा पृष्ठभाग बाद होणार, असं वरून कळलं.

थिओफिलला कारण त्याच क्षणी उमगलं. शेवटच्या धुण्यानंतर, डब्या बंद करण्याआधी, त्याने उजवा मोजा उतरवून प्रत्येक नव्या स्क्रूवरून अंगठा फिरवला होता. जुन्यांवर त्याचा भरवसा होता, नव्यांवर नव्हता. कातडीचं तेल बारीक खाचांत जाऊन बसलं, आणि पेशींच्या वाट्याला आला तो त्याचा तेलकट ठसा.

सांगावं तर नोकरी जाणार, आणि दरीत दुसरा कारखाना नव्हता. न सांगावं तर काचेपलीकडे नेगेलिन आपल्या वह्या खोक्यात भरत होती, तेही पाहवत नव्हतं. चार दिवस तो त्या खोलीत उभा राहिला. आत जाताना दोन दारांमधल्या हातभर जागेत थांबला, की तिथून कुठेच जाऊ नये असं वाटे.

रविवारी बायको, लीना, म्हणाली, "अरे, बटाटे गार झाले. कुणाचा खून केलायस?"

"वीस स्क्रूंचा," म्हणत त्याने सगळं सांगितलं.

लीनाने काटा खाली ठेवला. "सांगून टाक. घरी बसलास तर भांडी घास. निदान त्यांत तोंड तरी दिसेल."

सोमवारी तो बैठकीत उभा राहिला. "मोजा मी काढला होता. नव्यांवर अंगठा फिरवला. पृष्ठभागाचा दोष नाही."

"नियम ठाऊक नव्हता?" व्यवस्थापक ब्रोडबेकने विचारलं.

"ठाऊक होता. हाताने ऐकलं नाही."

ब्रोडबेक त्याला काढूनच टाकणार होता. नेगेलिनने अडवलं, चूक स्वतःहून सांगणारा तपासनीसच तिला हवा होता. चाचणी पुन्हा घ्यायची ठरली आणि थिओफिल राहिला, पण एका अटीवर. रोज सकाळी काचेच्या दाराशी कुणीतरी त्याचे मोजे मनगटाला चिकटपट्टीने बांधी आणि संध्याकाळी सोडी. निवृत्तीला अकरा वर्षं होती. पट्टीखाली अंगठा दिवसभर आंधळा राही.

वसंतात नवे स्क्रू हाडाने धरले. त्या शनिवारी खानावळीत शेजाऱ्यांनी त्याला घेरलं. "काय थिओफिल, अंगठा काय म्हणतो?"

"अंगठा तुरुंगात आहे. मेंढ्या चालतायत. बिअर सांगा."