घरगुती मानवी क्रिया

आमचं घर गावात नाही, रानात आहे. वडवणीच्या रस्त्यावरून आत वळलं की आधी गॅसचं स्टेशन लागतं आणि मग आम्ही. लग्न होऊन मी आले तेव्हा स्टेशन होतंच. लांबून जमिनीखालच्या पाइपातून गॅस येतो, येता येता दमतो, आणि आमच्या बांधाजवळची दोन मोठी इंजिनं त्याला पुन्हा पुढं रेटतात. गॅस आमच्या तुरीखालून जातो आणि आमचा सिलेंडर मात्र वडवणीहून मोटारसायकलला दोरीनं बांधून येतो. याबद्दल मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आजवर काढलेले उद्गार मला इथं लिहिता येणार नाहीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

दोनेक वर्षांपूर्वी तिथं तिसरं इंजिन बसवायचं ठरलं. त्याआधी पर्यावरणाची तपासणी करावी लागते म्हणे. झाडं किती, पाणी कसं, हवा कशी, आवाज किती. आवाज मोजायचा तर सगळ्यात जवळच्या घरी मोजायचा, असा नियम. सगळ्यात जवळचं घर आमचं. एवढ्या एका गुणावर आम्ही एकदम महत्त्वाची माणसं झालो.

तपासणीच्या कंपनीकडून एक मॅडम आल्या. डोक्याला टोपी, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी अंगणात तीन पायांचा स्टँड उभा केला आणि त्यावर एक यंत्र बसवलं. यंत्राच्या टोकाला काळा स्पंजचा गोळा होता.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लांबूनच म्हणाल्या, "ह्याला शिवलं तर चालतं का?"

"शिवू नका, आजी. त्याच्याकडं लक्षच देऊ नका. नेहमीसारखं वागा."

मॅडमचं इथंच चुकलं. मामांचं नेहमीचं वागणं त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मामा बोलतात म्हणजे ओरडतात. म्हशीला पाणी दाखवायचं तर आधी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याला, "अबे, मोटर बंद कर, पानी चाललंय वाया!" हे सांगायला ते जागचे उठत नाहीत. नेकनूरला त्यांची बहीण असते. तिच्याशी बोलताना फोन भाकरीसारखा तळहातावर आडवा धरून ते तोंडापुढं धरतात आणि दोन्ही बाजूंचं बोलणं सगळ्या रानाला ऐकवतात. त्या दिवशी हे सगळं झालं. वर शेतात डुकरं शिरली म्हणून त्यांनी पत्र्याचा डबा बडवला. काळा गोळा बिचारा सगळं ऐकत उभा होता.

पुढं काही आठवड्यांनी तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीत आला, आणि त्याचा मराठी सारांश वाचून दाखवायला मला बोलावलं. मराठी अशी होती की मी शिक्षिका असून मला घाम फुटला. पान उलटलं आणि आमचाच उल्लेख आला. सर्वात जवळच्या निवासस्थानी आजची ध्वनिपातळीच मर्यादेपेक्षा जास्त असून तिचा मुख्य स्रोत घरगुती मानवी क्रिया हा आहे. सबब नवीन इंजिनामुळे तेथे लक्षणीय फरक संभवत नाही.

मी वाचलं आणि खाली बघितलं. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे म्हातारा इंजिनापेक्षा मोठा हाय!" आणि ग्रामपंचायतीचं ऑफिस हसून हसून खाली बसलं.

मामा दारातच उभे होते. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला. दुसऱ्या दिवसापासून पारावर त्यांना नाव पडलं, मानवी क्रिया. "काय मानवी क्रिया, चहा घेता का?" मामा दोन दिवस पारावर फिरकले नाहीत. घरी मात्र त्यांचा राग चालू होता, तोही अर्थातच मर्यादेपेक्षा जास्त.

"मी हाय का आवाज? मी? ते रात्रंदिवस घुं घुं करतंय ते कोन हाय मग?"

आत्याबाई भाकरी थापत शांतपणे म्हणाल्या, "त्याला निदान शिव्या येत न्हाईत."

मग जनसुनावणी आली. शाळेच्या मैदानात मंडप, पुढं सोफा, सोफ्यावर गावाचं म्हणणं ऐकायला जिल्ह्याहून आलेले साहेब. पहिले बोलले गावचे पुढारी. त्यांनी आपल्या वडिलांच्या कार्याला उजाळा दिला, रस्त्याची मागणी केली आणि इंजिनाचा विषय न काढता खाली बसले. एकानं स्पीड ब्रेकर मागितला. ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईनं चांगला प्रश्न विचारला. आम्ही चार-पाच महिने गावात नसतो, तेवढ्यात ह्या नळीला काही झालं तर आमच्या म्हाताऱ्या माणसांना कोण उचलणार? साहेबांनी नोंद घ्यायला सांगितली.

शेवटी मामा उठले. माइक पुढं केला तर त्यांनी तो हातानं बाजूला सारला.

"सायब, तुमच्या कागदात मी हाय. घरगुती मानवी क्रिया. तो मीच."

मंडपात हशा पिकला. साहेबही हसले.

"हसा. पन माझं एक ऐका. परत मोजा. आमी दिवसभर गप बसतो. म्हैस न्हाई, मिक्सर न्हाई, मी न्हाई. मग सांगा आवाज कुनाचा हाय ते."

"तुम्ही गप्प बसाल, आजोबा?" साहेबांनी विचारलं. मंडपातल्या प्रत्येकाला तोच प्रश्न पडला होता.

"सबंध दिवस."

साहेबांनी पुन्हा मोजणीचा हुकूम दिला. मला मागच्या रांगेत बसून वाटलं, आता आपली शोभा होणार.

रविवार ठरला. आत्याबाई सणासारख्या कामाला लागल्या. म्हैस शेजाऱ्याकडं नेऊन बांधली, कोंबड्या डालग्याखाली झाकून लांब ठेवल्या, फोन बंद केले. माझे मिस्टर एसटीत ड्रायव्हर आहेत, ते हसत ड्युटीवर निघून गेले. "संध्याकाळपर्यंत टिकले तर पेढे आणतो," म्हणाले.

सकाळी मॅडमनी यंत्र लावलं आणि मामा बाजेवर बसले. अर्ध्या तासात त्यांचा चेहरा दुखणाईतासारखा झाला. त्यांनी हातानं कप दाखवला. आत्याबाईंनी पदर सावरत मान हलवली, कळलं नाही म्हणून. त्यांनी पुन्हा दाखवला. आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना असा दिवस मिळाला नसावा. त्या फार खुशीत होत्या.

मी वह्या तपासत ओट्यावर बसले होते, आणि हळूहळू मला ते ऐकू यायला लागलं. आवाज कानात शिरत नव्हता, तर खालून, ओट्याच्या फरशीतून वर येत होता. मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या एकमेकींना लागून बारीक किणकिणत होत्या. कितीतरी वर्षं मी तो आवाज फ्रिजचा समजत होते. उठून फ्रिज बंद केला. किणकिण चालूच. मग मात्र माझ्या अंगावर काटा आला. ह्या आवाजात मी जेवले, झोपले, भांडले होते, आणि मला पत्ता नव्हता.

दुपारच्या सुमाराला अचानक सगळं थांबलं. ताटल्या गप्प. मॅडम चमकल्या आणि स्टेशनला फोन लावून दबक्या आवाजात बोलल्या. तिकडून देखभालीचं काम काढलंय असं उत्तर आलं. नेमकं आजच, नेमकं रविवारी. मॅडमनी फोन ठेवला, पण त्यांचे कान लाल झाले होते.

रानात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाभळीवर होला घुमत होता. तुरीच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत होत्या. कुणीतरी म्हणालं, "पोरी, जरा चहा टाकतीस का?"

मी मागं वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. आवाज मऊ होता, थोडा घोगरा, एखाद्या परक्या पाहुण्यासारखा संकोचलेला. अंगणात नवं कुणी आलं नव्हतं. मामाच बोलले होते. त्यांनाही ते कळलं आणि ते खजील होऊन तोंडावर हात ठेवून बसले.

आत्याबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची सकाळची मजा उतरली होती. "पयले असंच बोलायचे," त्या हळूच म्हणाल्या. "लगीन झाल्यावर मला वाटायचं, हा मानूस लई लाजतो. हे स्टेशन आलं आन् मग वरडायला लागले. मला वाटलं, वय झालं."

मी चहा टाकला. गॅसची शेगडी पेटवताना मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम.

मॅडमनी सामान आवरलं नाही. "इंजिनं चालू असताना पूर्ण दिवस हवा," त्या म्हणाल्या. "मी उद्याही येते." मामांनी कपाळावर हात मारून घेतला, पण आवाज न करता. सोमवारी मी शाळेत रजा टाकली. इंजिनं दिवसभर चालू राहिली आणि मामा दिवसभर गप्प राहिले. संध्याकाळी मॅडम गाडीत बसल्या तेव्हा मामांनी दोन दिवसांचं सगळं एकदम बोलून टाकलं आणि ओढ्यापलीकडं बांधलेली म्हैस दावं तोडून घरी आली.

नव्या अहवालात आम्ही नव्हतो. तिसरं इंजिन आलं, ते काही थांबलं नाही; थांबेल असं मामांनाही वाटलं नव्हतं. पण परवानगीत अट पडली. तिन्ही इंजिनांभोवती आवाज अडवणाऱ्या खोल्या बांधायच्या आणि आमच्या बाजूला उंच भिंत घालायची. भिंत झाली. तिनं सकाळचं ऊन थोडं खाल्लं, म्हणून आत्याबाई वाळवण आता गच्चीवर घालतात. आवाज अजून आहे. पलीकडच्या खोलीत कुणी घोरावं एवढा.

पारावर मामांना अजून मानवी क्रियाच म्हणतात, आणि ते ओ देतात. त्यांचा स्वर बराच खाली आलाय, शिव्या मात्र तेवढ्याच राहिल्यात. आत्याबाई मात्र नव्या अडचणीत आहेत. इतकी वर्षं त्या चुलीपुढं बसून नवऱ्याबद्दल मनातलं सगळं पुटपुटून मोकळ्या व्हायच्या. परवा त्या अशाच काहीतरी बोलल्या आणि अंगणातून शांत आवाजात प्रश्न आला, "कावून गं? मी काय केलं?"