जेलिंदा आत्याचा दगड

घरात धुण्याचं मशीन असताना नीवेस मळकी चादर टोपलीत कोंबून नदीकडे निघाली, तेव्हाच गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. बाईंच्या मनात काहीतरी शिजतंय, हे सगळ्यांनी ओळखलं.

इटलीतल्या एपेनाइन पर्वताच्या या खोऱ्यातले डोंगर म्हणजे जुन्या खोल समुद्राचा तळ. तरुणपणी नीवेस आणि तिच्याबरोबर भूशास्त्र शिकणारा ओत्ताविओ या डोंगरांतले वाळूचे थर जोडीने मोजत हिंडले. वाळूचा लोंढा समुद्रतळाच्या चिखलात खाचा पाडतो. त्या खाचांत वाळू भरली की थराच्या खालच्या अंगाला जिभांसारखे उंचवटे उमटतात, आणि त्यांचं बोथट टोक लोंढा आला त्या दिशेला असतं. खोरंभर खुणा बघून नीवेस म्हणे, वाळू उत्तरेहून आली, आल्प्सच्या अंगाने. ओत्ताविओला मात्र नदीकाठची एकच देखणी शिळा भावली. तिची बोथट टोकं दक्षिणेला होती, आणि खाली असायच्या त्या जिभा चक्क वर. त्याने लिहून टाकलं की इथे डोंगरच उलटा झालाय आणि समुद्र दक्षिणेकडून भरला. नीवेसचं नाव गाळलं. वर चारचौघांत म्हणाला, तिला थर मोजण्यापेक्षा पास्ता लाटणं बरं जमतं. तो प्राध्यापक झाला, ही शाळेत भूगोल शिकवत राहिली.

तिने ते लिखाण घरी वाचून दाखवलं, तेव्हा तिची जेलिंदा आत्या हसून हसून बाकावरून पडायची राहिली. ती शिळा लग्नानंतर तिनेच नवऱ्याकडून उलटी करून काठावर चुन्यात बसवून घेतली होती. जिभांवर घासलं की मळ लवकर निघतो. इथल्या बायकांचे धुण्याचे दगड असेच.

नीवेसला दुसऱ्याच दिवशी ते छापता आलं असतं. पण इथे चीज खड्ड्यात पुरून मुरवतात, तसा तिने राग मुरवला. ओत्ताविओला आणखी उंच चढू दिलं.

आज तो पाहुण्यांना घेऊन त्या शिळेशेजारी आपल्या नावाची पाटी लावायला आला होता. डोंगर कसा उलटला ते तो रंगात येऊन सांगत होता. नीवेस पुढे झाली, गुडघे टेकले, शिळेवर राख टाकली आणि चादर घासू लागली.

"नीवेस, हे काय चालवलंयस?"

"धुणं. जेलिंदा आत्याने दगड उलटा बसवला तो याचसाठी, प्राध्यापकसाहेब. डोंगर बिचारा सुलटाच आहे."

पाहुण्यांतला एक म्हातारा वाकला आणि शिळेखालचा चुना नखाने खरवडून शेजारच्याला दाखवू लागला. पाटीवरचा पडदा कुणी ओढलाच नाही.

ओत्ताविओ तिच्याजवळ येऊन पुटपुटला, "हे एकट्यात सांगता आलं नसतं?"

"पास्ता लाटण्याचं तू एकट्यात बोलला होतास?" तिने ओल्या चादरीचं टोक त्याच्या हातात दिलं. "पिळायला दोघं लागतात. तू तिकडे उभा राहा, उत्तरेला. वाळू आली त्या बाजूला."

सगळे बघत होते. कोटाच्या बाह्यांतून पाणी ठिबकत असताना तो उत्तरेला जाऊन उभा राहिला, आणि नीवेसने चादरीला पहिला पीळ दिला.