ट्रकात भरलेला काथ्या
भिजलेल्या काथ्याचा वास आला की मला माझा जांभ्याचे चिरे वाहणारा ट्रक आठवतो. घर त्यावरच चालायचं. खाणीच्या तांबड्या धुळीने एअर फिल्टर बुजला, तेव्हा कुडाळच्या मेस्त्रीने दोन नवे पुढ्यात ठेवले, एक कंपनीचा, एक बाजारातला. "खंयचो घालू?" "खंयचोच नको," मी म्हटलं, आणि पैसे वाचवायला फिल्टरच्या डब्यात घरी पिंजलेला काथ्या ठासून भरला. मेस्त्री हसला, "रे, ह्यो ट्रक आसा, गादी न्हय!" आठवड्यातच आंबोलीच्या चढावर इंजिनाने काळा धूर ओकून मान टाकली. मेस्त्रीने ते खोललं, तर आतून काथ्याचे धागे नि चिऱ्याची माती निघाली. त्याने ते धागे माझ्यापुढे धरले. मी म्हटलं, "डिझेल खराब होतां." ट्रक भंगारात गेला. घरात मी अजून डिझेललाच दोष देतो. सांगून सांगून दमलो, पण आता ती गोष्ट बदलवत नाही.